मेलेल्यांचं शुद्धलेखन

मतदार यादी, भाग एकशे बारा, माझगाव.
शाळा सुटली की मी जिने चढते,
काखेत पॅड, गळ्यात ओळखपत्र.
शेख चार पानं. जाधव सव्वादोन.
मध्येच, भातात खडा लागावा तसं :
उरकुहार्ट.
पुढच्या पानावर अर्काट.
त्याच्या पुढच्यावर युरक्वहर्ट.
तिघांची खोली एकच.

दार डोरीनबाईंनी उघडलं. वय एक्क्याऐंशी,
यादीत एकाहत्तर. फ्रॉकच्या खिशात चष्मा,
मराठी भायखळा बाजारातलं, खणखणीत.
"एकच नाव आहे गं ते, टीचर. अर्कर्ट.
आमचा ह मुका. क्यू नुसता उभा असतो."
"आणि हे आर्थर? घरात आहेत?"
"पपा? शिवडीला. ब्याण्णव सालापासून."
"हेझल?"
"ती त्यांच्या शेजारीच. जागा आधीच घेतलेली."

पपा गोदीत टॅली क्लार्क.
दिवसभर पेट्या मोजून हात थांबत नसावा,
म्हणून दर नव्या वर्षी शहराची डिरेक्टरी उघडायची
आणि आपलं आडनाव मोजायचं.
वही अजून आहे. बिस्किटांच्या डब्यात.
सव्वीस साली एकोणीस.
छत्तीसला बावीस, पुढे शेरा : रॉबीचे मुलगे कमावते झाले.
सेहेचाळीसला चौदा.
अठ्ठेचाळीसला पाच. शेरा नाही.
एकसष्टला दोन, त्यातला एक खोडलेला,
समासात पेन्सिलीने : पर्थ.
मी चौथीला भूगोल शिकवते. म्हटलं, स्कॉटलंडमधलं?
"छे, ऑस्ट्रेलियातलं. माझा भाऊ.
तिकडे म्हणे पाऊण कॉलम भरतो आमचा.
इथे ओहोटी लागली की
कुठेतरी भरती असतेच ना."

परळला याच नावाची गिरणी होती.
नात्यातली का, विचारलं, तर हसल्या :
"पपा म्हणायचे, हो. पण स्कॉच माणूस
चिमणी दिसली की चुलत आजोबा सांगतो."
माझे सासरे त्याच गिरणीत साचे चालवायचे.
'अरकाट' म्हणायचे तिला. लग्नानंतर कितीतरी वर्षं
मला वाटे, मालक मद्रासकडचा कुणी शेटजी असणार.
आता तिथे टॉवर आहे, अर्कहार्ट हाइट्स,
तीनशे बारा फ्लॅट.
रोज शेकडो खोक्यांवर चिकटून येतं ते नाव.
छत्तीस सालापेक्षा किती जास्त, कोण मोजणार.
एकाही दारावर मात्र नाही.

चहा झाला. वही परत डब्यात गेली.
खाली उतरताना पायऱ्या मोजाव्या तशी
मी कशेळकर मोजत होते.
लहानपणी आमच्या चाळीत तीन बिऱ्हाडं.
थोरले काका गावी परतले.
भाऊ डोंबिवलीला गेला, म्हणजे या यादीतून गेला.
आणि मी पवार झाले त्या दिवशी
एक कमी झाला, हे
कुणीच कुठल्या वहीत लिहिलं नाही.
जेवणावळीत मीसुद्धा हसतच होते.

नियमाने मयतांसाठी सात नंबरचा फॉर्म, नाव वगळण्याचा.
मी आधी आठ नंबरचे भरले, दुरुस्तीचे. तीन.
सुपरवायझर म्हणाले, "बाई,
मेलेल्यांचं शुद्धलेखन कशाला?"
मी म्हटलं, सवय आहे.
खरं तर उत्तर नव्हतं माझ्याकडे.

फॉर्म पुढे सरकले. मंजूर झाले,
सरकारी काम कधीकधी चुकून लवकर होतं.
मग सात नंबरचे दोन भरले, तेही खरेच होते.
त्या दोहोंच्या मध्ये अकरा दिवस गेले.
त्यातल्या एका दुपारी, मधल्या सुट्टीत,
मी स्क्रीनवर शोधलं आणि
माझगावला फोन लावला.

"आज किती?"
न सांगता ओळखलं त्यांनी.
"तीन," मी म्हटलं.
पलीकडे काहीच नाही. मग
पत्र्याचं झाकण निघाल्याचा आवाज,
आणि बराच वेळ
पेन्सिल शोधण्याचा.